आवाज कधी येतो, ते आधी सांगा

क्लचमधून आवाज आला की गिअरबॉक्स उतरवायचा आणि अख्खा क्लच सेट बदलून टाकायचा, या मताचा मी बरीच वर्षं होतो. आज नाही. शिराळ्यात ट्रकची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या मिस्त्रीचं हे मत का होतं आणि ते का बदललं, हे मोकळेपणानं सांगायला हवं. कारण यात गाडीमालकाचे पैसे जातात आणि ड्रायव्हरचा शब्द वाया जातो.

जुन्या मतालाही कारणं होती. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडा, लिंकेज सोडा, जॅक लावा, वर दोन-तीन माणसं हाताशी हवीत. एवढं करून नुसतं बेअरिंग बदललं आणि पुढच्या महिन्यात प्लेट गेली, तर तीच मजुरी पुन्हा. त्यात आपला तालुका उसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुराडी पेटली की मार्च-एप्रिलपर्यंत गाडीला उसंत नसते. गाडी एक दिवस उभी राहिली की फडात तोडलेला ऊस वाळतो, टोळी खोळंबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून मालक म्हणायचे, ‘एकदाच काय ते करून टाका.’ मलाही ते पटायचं.

मत बदलायला लागलं ते एका गाडीमुळं. दुसरीकडे नवा सेट टाकून झाला होता, तरी आवाज जसाच्या तसा. कोकरूडकडचा ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, क्लचवर पाय दिला की गप होतंय बघा. पाय काढला की परत घरघर.” हे त्यानं आधीही सांगितलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. मालकानं जुनी प्लेट केबिनमध्ये ठेवली होती. तिचं लायनिंग रिव्हेटच्या चांगलंच वर होतं. प्लेट अजून चालली असती. दोष निघाला गिअरबॉक्सच्या तोंडाशी, इनपुट शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. ड्रायव्हरच्या त्या दोन वाक्यांत सगळं निदान होतं.

कसं, ते सांगतो. पेडलवरून पाय काढलेला असतो तेव्हा इंजिन, क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट एकत्र फिरतात. गाडी न्यूट्रलला उभी असली तरी गिअरबॉक्सच्या आत फिरणं चालूच असतं. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटते आणि शाफ्ट थांबतो. म्हणून पाय काढल्यावर येणारा आणि दाबल्यावर जाणारा आवाज बहुतेक गिअरबॉक्सच्या बाजूचा. तिथं आधी ऑइलची पातळी बघायची, मग बेअरिंगचा विचार. याउलट पेडलला नुसता पाय टेकताच, प्लेट सुटायच्या आधीच चिरचिर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल तळाला गेल्यावरच आवाज आला, तर फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगकडे बघायचं. शाफ्ट थांबलेला आणि फ्लायव्हील फिरतंय, तेव्हाच त्या बेअरिंगला खरं काम पडतं. आणि गाडी उचलताना अंग थरथरलं, तर तो वेगळाच विषय. लायनिंगवर तेल आलंय का, इंजिनाचं माउंटिंग ढिलं झालंय का, हे तपासायचं.

ही तपासणी उभ्या गाडीवर होते. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड, गिअर न्यूट्रलला, इंजिन आयडलवर. एक पाना लागत नाही. 1954 साली टेल्कोनं डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून इंजिनं बदलली, टर्बो आले, पेडल दाबायला हवेची मदत आली. पण पेडल दाबलं की शाफ्ट सुटतो आणि सोडलं की जोडला जातो, हे तसंच राहिलं. म्हणून ही परीक्षा जुन्या गाडीला चालते तशी नव्यालाही चालते.

दुसरीही एक गोष्ट मी आता मानतो. आवाज कुठून आला एवढं कळून भागत नाही, तो का आला तेही शोधावं लागतं. वारणाकाठच्या ओल्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लच अर्धा दाबून इंजिन रेस करावं लागतं. कारखान्यावर नंबर लागला की गव्हाणीपर्यंत गाडी हातहात पुढं सरकते आणि डावा पाय पेडलवरच राहतो. त्यात फ्री प्ले संपलेला असेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरत राहतं. अशा गाडीत नवं बेअरिंग घालून पेडलचं माप गाडीच्या पुस्तकाप्रमाणं जुळवलं नाही, तर तेही लवकरच वाजायला लागणार. रिलीज बेअरिंग रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवायची आपल्याकडची सवयही मी बंद केली. आतलं ग्रीस निघून जातं आणि चांगलं बेअरिंग कोरडं पडतं.

जुन्या मतातलं सगळंच मी टाकलेलं नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर रिलीज आणि पायलट बेअरिंग बदलावं, ऑइल सील बघावं, प्लेटचं माप घ्यावं आणि झिजली असेल तर तीही बदलावी. इथं काटकसर महागात पडते. फरक इतकाच की उतरवायचं का, हे मी आता उतरवण्याआधी ठरवतो.

म्हणून गाडीमालकांना माझी विनंती आहे. गाडी पाठवताना तिच्यावर रोज बसणाऱ्या ड्रायव्हरलाही पाठवा. दुसऱ्या पोराच्या हाती किल्ली देऊन ‘क्लच वाजतोय’ एवढाच निरोप पाठवू नका. पेडल वर असताना आवाज येतो की खाली असताना, थंड इंजिनाला की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, हे त्यालाच ठाऊक असतं. आणि तो सांगत असताना आपण मिस्त्रींनी मध्ये बोलू नये. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी आपल्याला मिळते. तो न उतरवता दोष सापडला, तर ती मालकाची वाचते आणि तो पुढच्या हंगामातही गाडी आपल्याच दारात आणतो.