थांबा, फोटो काढतेय!

एक फोटो काढायला किती वेळ लागतो? तुमचं उत्तर ‘एक सेकंद’ असेल, तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही. निदान रोजच्यासाठी तरी नाहीच!

लार्ज फॉरमॅट व्ह्यू कॅमेरा. नाव जड, प्रकरण त्याहून जड. जुन्या सिनेमात काळ्या कापडात डोकं खुपसून उभा असलेला फोटोग्राफर आठवतोय? त्याच्यापुढे असायचा तोच हा. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मध्ये पेटीसारखा भाता. बॅटरी नाही, ऑटोफोकस नाही. एका फोटोग्राफर मित्राने त्याचा 4 बाय 5 इंची फिल्मवाला कॅमेरा मला महिनाभर वापरायला दिला आणि माझ्या सगळ्या वीकएंड्सची पार वाट लागली.

आधी तक्रारी सांगते. काचेवर जग उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर, शिवाय डावं ते उजवं. मुंबईच्या उकाड्यात काळ्या कापडाखाली भिंग लावून फोकस करणं म्हणजे फुकटचा स्टीम बाथ! एका होल्डरमध्ये फिल्मच्या दोनच शीट्स बसतात, त्याही मिट्ट काळोखात भरायच्या. मी बाथरूमच्या दाराची फट टॉवेलने बुजवून भरायचे आणि आई बाहेरून दार ठोठवायची. एका शीटचा खर्च सिनेमाच्या तिकिटाएवढा, डेव्हलपिंग वेगळं. त्यात फोकस असा नाजूक, की अॅपर्चर बरंच बंद करावं लागतं. मग एक्स्पोजर वाढतं आणि समोरच्याला म्हणावं लागतं, ‘हलू नका हं!’

मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

पहिलं कारण साधं गणित. 35 एमएमची फ्रेम 24 बाय 36 मिलिमीटरची, ही तिच्या जवळपास 13 पट. त्यामुळे प्रिंट कितीही मोठी केली, तरी बारकावे टिकतात. दुसरं कारण मला गिरगावात कळलं. आजीची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार होती. बिऱ्हाडं हलायच्या आधी सगळ्यांना गॅलरीत उभं करून एक फोटो हवा होता. गल्ली एवढी अरुंद, की मागे सरकायला जागाच नाही. साधा कॅमेरा वर वळवला, की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. इथे कॅमेरा सरळच ठेवायचा, फक्त लेन्स वर सरकवायची. तिसरा मजला अलगद फ्रेममध्ये आला आणि खांब अगदी ओळंब्यात!

होल्डर आत गेला, की काचेवर काही दिसत नाही. मग तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहता, केबल हातात धरून, समोरच्यांकडे थेट बघत. रिचर्ड अॅव्हेडनने 1979 ते 1984 दरम्यान अमेरिकेच्या पश्चिम भागात 8 बाय 10 इंची कॅमेऱ्यावर पोर्ट्रेट्स केली, तीही अशीच, कॅमेऱ्याशेजारी उभं राहून. त्या सकाळी चाळीतले चाळीसेक चेहरे माझ्याकडे बघत होते. पहिली दोन मिनिटं हसणं-खिदळणं झालं. मग हळूहळू सगळे गप्प झाले. आजीने पदर सारखा केला आणि कठड्यावर हात ठेवला. पाव सेकंदाचं एक्स्पोजर. क्लिक.

होल्डर उलटा करेपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या कोणीतरी काहीतरी विनोद केला आणि आजी खळखळून हसली. ते हसू माझ्याकडे नाही. ते चुलतभावाच्या मोबाइलमध्ये आहे आणि फॅमिली ग्रुपवर त्यालाच जास्त लाइक्स आहेत!

हा या कॅमेऱ्याचा स्वभावच आहे. अॅन्सेल अॅडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा 1941 मधला गाजलेला फोटो याच जातीच्या कॅमेऱ्यावरचा. त्याने एक एक्स्पोजर घेतलं. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. त्याच्यासारख्या उस्तादालाही दुसरा चान्स मिळाला नाही, तिथे आपली काय कथा?

आता चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे. माझ्या प्रिंटमध्ये दारांवरच्या पाट्यांची नावं वाचता येतात, वाळत घातलेल्या साडीचे काठ दिसतात आणि आजी स्वतःला हवी तशी उभी आहे. हे त्या हसऱ्या फोटोत नाही. मला दोन्ही लागतात.

तेव्हा फंडा सोपा. पळणारी मुलं, पार्टी, ट्रेक यांसाठी मोबाइल झिंदाबाद. हा कॅमेरा लगेच विकत घेऊ नका; कोणाकडून मागून आणा, दहा शीट्स खर्च करा आणि मग ठरवा. फक्त एक काम आजच करा. ज्यांचा फोटो पुढच्या वर्षी काढता येणार नाही, अशा माणसांची आणि घरांची यादी करा. माझी यादी सात नावांची झाली. कॅमेरा परत द्यायला अजून एक रविवार आहे.