डबीवरचं नाव

१.
जिल्ह्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब. रक्त, लघवी, थुंकी यांसाठी आलेल्यांची नावं मोठ्यानं पुकारली जातायत. तिशीतला एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून काउंटरवर सरकवतो. मुलगी ती उलगडते, वाचते, चेहरा न बदलता डबी देते. "सर, डबीवर नाव आणि नमुना दिल्याची वेळ लिहा." तिला असं वागायला ज्यानं शिकवलं त्याचे आभार.

२.
नमुना कुठं द्यायचा? छोट्या लॅबमध्ये बहुधा संडासात. कडी सैल, बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्रजंतू सर्वांत जास्त असतात. घाईत तोच डबीबाहेर गेला तर काउंट उगाच कमी येतो. सांडलं तर सांगायचं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे आधी सांगणारं कुणी भेटत नाही.
घरून आणायचीही सोय बऱ्याच ठिकाणी असते. डबी अंगाशी, आतल्या खिशात ठेवायची आणि तासाच्या आत पोचवायची.

३.
आधी दोन ते सात दिवस संयम. नमुना देताना साबण, तेल, थुंकी नको. दुकानातला साधा निरोध तर अजिबात नको, त्यातल्या वंगणानं शुक्रजंतू मरतात.

४.
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९–२१. देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के.
मूल नको असतं तेव्हाचे हे आकडे.

५.
मूल हवं असलेल्या एका बाईंची फाइल चाळायला मिळाली. त्यांनीच दिली. लग्नानंतर दोन वर्षांनी सुरुवात. सोनोग्राफी, थायरॉइड, पुन्हा सोनोग्राफी. गर्भनलिकांचा डाय घालून काढलेला एक्स-रे; तो किती दुखतो ते त्यांनी सांगितलं. मग दुर्बिणीतून तपासणी, त्यासाठी भूल. मध्ये गोळ्यांची पाकिटं, तारखांच्या चिठ्ठ्या. फाइलमध्ये नसलेलंही बरंच: सोळा सोमवार, एक नवस, दोन बारशांना न बोलावणं.
नवऱ्याचा रिपोर्ट अगदी शेवटी. एक पान. शुक्रजंतू: निल.
ही तपासणी काही शे रुपयांत होते. सुई नाही, भूल नाही. ती पहिल्या पानावर असायला हवी होती.

६.
डेल्फ्ट, हॉलंड, १६७७. कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्य पाहतो आणि त्यात शेपटीवाले असंख्य जीव पोहताना दिसतात. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना तो आवर्जून कळवतो की नमुना कुठल्याही पापातून मिळवलेला नाही, पत्नीशी झालेल्या संबंधानंतरचा आहे. मजकूर किळसवाणा वाटला तर छापू नका, असंही.
संकोच त्यालाही होता. पत्र मात्र त्यानं पाठवलं.

७.
चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत: फेसाळ, पातळ, रूक्ष, विवर्ण, दुर्गंधी, बुळबुळीत आणि आणखी दोन. पुरुषाकडे बोट दाखवायला तेव्हाच्या वैद्याला अडचण वाटली नव्हती.

८.
वीर्य आधी घट्ट होतं, मग तासाभराच्या आत पातळ होतं. त्यानंतर तंत्रज्ञ मायक्रोस्कोपला बसतो. किती मिलिलिटर, किती शुक्रजंतू, किती हलतात, किती पुढं सरकतात, किती जागेवरच वळवळतात, आकार कसा. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत सांगते की किमान दोनशे शुक्रजंतू मोजा, मग पुन्हा दोनशे, आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहा.
हे सगळं करायला वेळ लागतो. ज्या रिपोर्टवर नमुन्याची वेळ नाही, संयमाचे दिवस नाहीत आणि काउंट, हालचाल सगळं गोल आकड्यांत आहे, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या लॅबमध्ये जावं.

९.
जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल ४२ टक्के, पुढं सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के.
या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचं वीर्य तपासलं. शंभरांतले सर्वांत खालचे पाच जिथं संपतात तिथं रेघ मारली. म्हणजे रेघेखालचे ते पाचही बाप झालेलेच होते. आणि रेघेच्या वर असूनही ज्यांना मूल नाही, असे पुष्कळ आहेत.
रिपोर्टवर 'कमी' असा ठळक शिक्का पाहून रात्रभर न झोपलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं.

१०.
ज्यांच्यावरून ती रेघ ठरली ते पुरुष बारा देशांतले, साडेतीन हजारांवर. त्यात भारत नाही.

११.
नीट आकाराचे शंभरात चार असले तरी चालतं. उरलेले शहाण्णव वेडेवाकडे. निसर्गाला याची काळजी नाही, आपल्यालाच आहे.

१२.
'काउंट' आणि मर्दानगी यांची गाठ मारून ठेवली आहे. प्रत्यक्षात शुक्रजंतू एकूण वीर्याच्या दोन ते पाच टक्केच असतात. ज्याच्या वीर्यात एकही नाही, त्याचं वीर्य बहुधा दिसायला इतरांसारखंच असतं आणि संबंधातही बहुधा कसलीही उणीव नसते. म्हणून "मला काय झालंय, मी ठणठणीत आहे" या वाक्याला तपासणीत काहीच किंमत नाही.

१३.
व्यायामशाळेत अंग लवकर भरावं म्हणून इंजेक्शन घेतात. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि शुक्रजंतू तयार होणं बंद पडतं. काउंट शून्यावर येऊ शकतो. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात, कधी वर्ष.
दंड पाहून हे ओळखता येत नाही.

१४.
कॅलिफोर्नियातलं लॅथ्रॉप, १९७७. कीटकनाशकांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. त्यांनी वीर्य तपासून घेतलं. काहींचा काउंट फार कमी, काहींचा शून्य. कारण निघालं डीबीसीपी, जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याचे जवळजवळ सगळे वापर थांबवले गेले. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते त्यानंतरही वापरलं गेलं.
हा शोध लागला तो कामगार एकमेकांशी मोकळं बोलले म्हणून.

१५.
आपल्याकडच्या केसपेपरवर व्यवसाय: शेती. पुढचा प्रश्न नाही. फवारणी कोण करतं, कशाची करतं, तोंडाला फडकं तरी बांधतं का? भट्टीपुढं किती तास? वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड असावी लागतात, म्हणून तर ती बाहेर आहेत.

१६.
शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने रिपोर्टात दिसतो. एकाच माणसाचे दोन रिपोर्ट दुपटीनं वेगळे येऊ शकतात. एका रिपोर्टावर निकाल लावू नये. आणि पंधरा दिवसांत काउंट वाढवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

१७.
र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले.
लॅबमधली चिठ्ठी अजून चार घड्या घालूनच येते.

१८.
रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा? ज्याचा आहे त्याच्या. सासूबाई, मामा, गावचा ओळखीचा कंपाउंडर यांपैकी कुणाच्याही नाही. बायकोला त्यानंच सांगावं, त्याच दिवशी.

१९.
'निल' म्हणजे काय, हे नीट विचारावं. नमुना यंत्रात जोरानं फिरवून तळाचा गाळ पाहिला का? पुन्हा तपासणी झाली का? कधी वृषणात शुक्रजंतू तयार होत असतात, वाट बंद असते. काहींच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून इक्सीनं झालेल्या पहिल्या गरोदरपणांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून एक शुक्रजंतू एका स्त्रीबीजात सुईनं सोडता येतो, आणि तो वृषणातून काढलेलाही चालतो.
कधी मात्र खरोखरच काही सापडत नाही. तेव्हा दात्याचं वीर्य, दत्तक, किंवा दोघांचंच घर. तिन्ही प्रकारची चांगली घरं मी पाहिली आहेत.

२०.
वर्षभर संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर दोघांनी एकाच दिवशी तपासणीला जावं. तिला भूल देण्याआधी त्याचा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर असला पाहिजे. डॉक्टरांनी मागितला नाही तर तुम्ही मागा.