पंचाहत्तर घोड्यांची गाडी

२०१२ च्या मे अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैशांवर पोचलं, तेव्हा डिझेल ४० रुपये ९१ पैशांना मिळत होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक. आमच्यासारख्या घरांनी त्या वर्षी डिझेल गाडी का घेतली, याचं सगळं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मी राहायला द्वारकेत, नोकरी मानेसरला. रोजची धाव मोठी. दसऱ्याच्या सुमारास दाराशी स्विफ्ट डिझेल आली.

तिचं इंजिन १२४८ सीसीचं, फियाटचं मल्टिजेट. ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन-मीटर टॉर्क. मारुती, टाटा, फियाट अशा तिघांच्या गाड्यांत हेच इंजिन धावायचं, म्हणून लोक त्याला कौतुकानं भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. ते मानेसरला बनायचं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही. २०१२ मध्ये मारुतीनं रांजणगावची इंजिनं घ्यायचा करारही केला होता. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये आयुष्यभर राबलेले. मी फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीचं इंजिन कदाचित आपल्याकडचंच असेल!" त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

गाडीत एक खोड होती आणि ती चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असायचं. टर्बो फिरायला लागला की एकदम झेप, त्याआधी काही नाही. महिपालपूरच्या बाजूनं हायवेवर चढताना, बाहेर चव्वेचाळीस अंश, एसी चालू, आत चार माणसं आणि उजवीकडून सुसाट येणारा ट्रक, अशा वेळी पायाखालचा अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी क्षणभर विचार करत राही. कोटद्वारहून लॅन्सडाऊनचा घाट चढताना तर प्रत्येक वळणावर प्रश्न पडायचा, की दुसऱ्या गिअरवर राहावं की पहिला टाकावा. बायको म्हणायची, "अहो, जोर का नाही लावत तुम्ही?" जोर लावायला तो मिळायला तर हवा.

२०१७ च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका रोहतकच्या सहकाऱ्यानं त्याच इंजिनाच्या गाडीला रिमॅप करून घेतलं. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या ईसीयूमधले तक्ते बदलणं. कोणत्या आरपीएमला किती डिझेल फवारायचं, कितीच्या दाबानं, टर्बोनं हवा किती कोंबायची, हे सगळं त्या तक्त्यांत असतं. टर्बो डिझेलमध्ये हवा आणि इंधन दोन्ही थोडं वाढवलं की ताकद लगेच वाढते. साध्या पेट्रोल इंजिनाला तेवढ्यानं फारसा फरक पडत नाही. म्हणून हा मोह डिझेलवाल्यांनाच जास्त. "भाईसाहब, एक बार चला के देखो," म्हणून त्यानं चावी माझ्या हातात ठेवली.

जयपूर रस्त्यावर ती गाडी मी चालवली, आणि ती सुंदर होती हे सांगितलंच पाहिजे. सतराशेच्या आसपासच ती ओढायला लागायची. चौथ्या गिअरवर ट्रक ओलांडताना गिअर उतरवावा लागत नव्हता. हातात एक निश्चिंती येत होती. पैसे खर्च करणारा माणूस मूर्ख असतो असं मी कधीच म्हणणार नाही; तो ज्यासाठी पैसे देतो ती गोष्ट खरी असते.

परतताना संध्याकाळ झाली. मागच्या गाडीचे दिवे आमच्यावर पडत होते आणि मी जोरात पाय दाबला की आरशात त्या उजेडात काळा ढग उठलेला दिसत होता. हवेच्या मानानं डिझेल जास्त झालं की ते पुरतं जळत नाही. काजळी होऊन बाहेर पडतं. मागून एक माणूस बाईकवरून येत होता, त्यानं गमछा तोंडावर ओढला. दिल्लीच्या नोव्हेंबरात ज्यानं लहान मुलाला रात्रभर मांडीवर बसवून नेब्युलायझर दिलाय, त्याला तो ढग ताकदीची खूण वाटत नाही. मला वाटला नाही.

तरी मी दरपत्रक मागवलं. नुसतं रिमॅप अठ्ठावीस हजार. मग कळलं, टॉर्क वाढला की मूळ क्लच घसरतो, तेव्हा क्लच दणकट हवा. हवा तापते, म्हणून मोठा इंटरकूलर. धूर मोकळा व्हावा म्हणून जाड एक्झॉस्ट. बेरीज लाखाच्या वर गेली, आणि त्या वेळी गाडीला बाजारात जेमतेम अडीच-तीन लाख मिळाले असते. घराच्या एका भिंतीला रंग द्यायला घ्यावा आणि बाकीच्या तीन भिंती जुन्या दिसू लागाव्यात, तशातला हा प्रकार. एक भाग वाढवला की त्याला जोडलेला प्रत्येक भाग कमी पडतो.

रात्री वडिलांना फोन केला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "अरे, कंपनीनं ठेवलेली जागा मोकळी नसते, ती राखीव असते. भेसळीचं डिझेल, राजस्थानातला उन्हाळा, डोंगर, वेळेवर ऑइल न बदलणारा मालक, या सगळ्यांसाठी ती ठेवलेली असते. तू ती खर्चून टाकणार, आणि मग वाईट दिवस आला तर काय वापरणार?" मशीन शॉपमध्ये टॉलरन्स शिकलेला माणूस असं बोलतो.

त्यांच्या बोलण्याचा पुरावा बाजारातच होता. मारुतीनं हेच १२४८ सीसीचं इंजिन एर्टिगामध्ये ९० अश्वशक्तीचं करून दिलं होतं. पण ती वाढ तक्ते बदलून मिळवलेली नव्हती. त्यात टर्बोच वेगळा होता, पात्यांचा कोन बदलणारा, म्हणून कमी आरपीएमलाही तो जागा असायचा. २०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० लाच मिळायचा. पंधरा घोडे वाढवायला कंपनीला लोखंड बदलावं लागलं. रिमॅपवाला त्याहून जास्त घोडे जुन्याच लोखंडातून काढून देतो, याचा अर्थ तो ते कुठून तरी उसने आणतो.

निर्णय मात्र एका मिस्त्रीमुळे झाला. मायापुरीच्या बाजूला त्याचं छोटंसं गॅरेज. मायापुरी म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा समुद्र. तिथे बसणाऱ्या माणसानं प्रत्येक इंजिनाचं मरण पाहिलेलं असतं. मी रिमॅपचं विचारलं, त्यानं बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून मला अॅक्सिलरेटर द्यायला सांगितला आणि कान खाली नेला. टर्बोपासून निघणाऱ्या रबरी होज पाइपच्या वळणावर बोट ठेवलं. खालच्या बाजूनं बारीक चीर गेली होती, भोवती तेलाचा ओशट थर. टर्बो जी हवा कोंबत होता, तिच्यातली काही तिथूनच निसटत होती. तो म्हणाला, "पहले जो पचहत्तर घोड़े मिले हैं, वो तो पूरे कर लो साहब."

होज बदलली. ईजीआर व्हॉल्व्ह उघडला तर आत काजळीचा कडक थर. तो खरवडून साफ केला. इनटेकही धुतला. इंजेक्टर काढून बेंचवर तपासून आणले, एकाचा फवारा बिघडलेला निघाला. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. टायर जुने झालेच होते, तेही बदलले. सगळं मिळून रिमॅपच्या किमतीच्या आसपासच खर्च आला. खोड गेली नाही. दोन हजारांखाली गाडी अजूनही सुस्तच होती, ती त्या टर्बोची जातच आहे. पण पाच वर्षांत हळूहळू हरवलेलं, आणि हळूहळू हरवल्यामुळे आम्हाला कळलंच नाही असं बरंच काही परत आलं. पीयूसीला बीएस-४ डिझेलच्या धुराची मर्यादा १.६२ असते, त्या वर्षी आमचा आकडा तिच्या खूप खाली आला.

छोट्या डिझेल गाडीवर मोठा खर्च करावासा वाटणाऱ्या बहुतेकांना हवी असते ती नव्या गाडीची आठवण, असं माझं ठाम मत झालंय. ती आठवण देखभालीतून मिळते, आणि ती मिळाल्यावर मोह निम्मा ओसरतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. रिमॅप डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक हे विसरतात.

पण दिल्लीत या सगळ्यावर कडी करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गाडीचं वय. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मज्जाव केला. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. म्हणजे २०१७ मध्ये मी दरपत्रक हातात घेऊन बसलो होतो तेव्हा माझ्या गाडीचं निम्मं आयुष्य संपलं होतं. पुण्यात हाच हिशोब पंधरा वर्षांचा, आणि पुढे पासिंग मिळालं तर त्याहूनही लांबचा. दिल्लीत लाख रुपये पाच वर्षांवर वाटायचे. त्यातही हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की बीएस-४ डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी येते, ते दिवस वजा. आणि उरलेल्या दिवसांत त्या ताकदीचं करायचं काय? यमुना एक्स्प्रेस वेवर वेगमर्यादा शंभर, धुक्याच्या महिन्यांत त्याहून कमी. मूळ स्विफ्ट शंभरला गुणगुणत चालते. मानेसरच्या वाटेवर तर खेडकी दौला टोलनाक्याच्या रांगेत पंचाहत्तर घोडे काय आणि शंभर काय.

१ जानेवारी २०२२ ला दिल्ली सरकारनं दहा वर्षं पूर्ण झालेल्या डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द केली. आमची गाडी त्याच वर्षी दसऱ्याला दहाची होणार होती. मी पावसाळ्यापूर्वीच एनओसी काढली आणि ती गाडी स्वतः चालवत जयपूर, उदयपूर, अहमदाबाद करत चिंचवडला नेली. महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरला, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट दिला, आरटीओत खेटे घातले आणि तिला एमएच-१४ ची पाटी मिळाली. इन्स्पेक्टरनं बोनेट उघडून पाहिलं, सगळं मूळचंच होतं, एका शब्दाचाही प्रश्न आला नाही. धाकटा भाऊ आता तिच्यातून तळेगावला ये-जा करतो.

रोहतकच्या सहकाऱ्याची गाडी दिल्लीतच राहिली. लॅन्सडाऊनच्याच घाटात तिचा क्लच जळाला, तो वास दोन वळणं मागे असलेल्या आमच्यापर्यंत आला होता. दहा वर्षं भरत आली तेव्हा त्यानं ती दलालाला विकली, राजस्थानात पाठवणाऱ्याला. दलालानं मॉडेलचं साल विचारलं, किलोमीटर विचारले, अपघात विचारला. बदललेल्या ईसीयूचे, क्लचचे, इंटरकूलरचे पैसे त्यानं धरलेच नाहीत. मला त्या मित्राचं वाईट वाटलं, कारण गाडीवर त्याचं खरं प्रेम होतं.

पुढे नियम पुन्हा हलले. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले, आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून कारवाई नको म्हटलं; डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं केलं. माझी गाडी बीएस-४ होती, म्हणजे ती आज कदाचित द्वारकेतही उभी असती. लोक विचारतात, पाठवल्याचा पश्चात्ताप होतो का? नाही. ज्या शहरात उद्या पंपावर काय होईल हे आज सांगता येत नाही, तिथे गाडीत घातलेला प्रत्येक जादा रुपया न्यायालयाच्या तारखेवर लावलेला असतो, आणि मध्यमवर्गी घरानं तसा पैसा लावू नये.

गेल्या हिवाळ्यात नोएडात राहणारा, ओळखीतला एक साताऱ्याचा मुलगा अल्ट्रोझ डिझेलचं रिमॅप करू का, म्हणून विचारायला आला. "काका, ९० पीएसची आहे, थोडी उघडली तर?" मी त्याला प्रथम विचारलं, रोज किती चालवतोस. नोएडाच्या आतल्या आत, पाच-सात किलोमीटर. त्याची गाडी बीएस-६, एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर. काजळी वाढली की तो फिल्टर वारंवार जाळून साफ करावा लागतो, त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि छोट्या फेऱ्यांत ते जळणं अर्धवट राहिलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि माणसाला वाटतं, ऑइल छान टिकलंय.

आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. त्याची डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. पातळी वरच्या खुणेच्या किंचित वर होती. ऑइलच्या वासात डिझेल होतं, आणि अजून तर रिमॅप झालंही नव्हतं. मी त्याला ऑइल बदलायला सांगितलं, आणि आठवड्यातून एकदा तरी ग्रेटर नोएडाच्या एक्स्प्रेस वेवर अर्धा तास सलग चालव म्हटलं. रिमॅपचे पैसे त्यानं अजून बाजूला ठेवलेत.