सुट्टे आहेत का?

तुमच्याही ऑफिसात हे झालंच असेल. सोमवारी एचआरचा मेल येतो, ‘वी आर गोइंग लाइव्ह!’ बुधवारी ट्रेनिंग, मध्ये समोसे. आणि शुक्रवारी बघावं तर अख्खा फ्लोअर पुन्हा आपापल्या जुन्या एक्सेल शीटवर. या प्रकाराला चेंज मॅनेजमेंट म्हणतात. त्यावर ढीगभर पुस्तकं आहेत. जॉन कॉटरनं 1996 मध्ये आठ पायऱ्या सांगितल्या, जेफ हायटचं ‘अडकार’ मॉडेल आहे: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि शेवटी बदल टिकवणं. स्लाइडवर हे सगळं सॉलिड दिसतं. एका कंपनीसाठी अशा स्लाइड्स लिहायचं काम हातात होतं, म्हणून लॅपटॉप घेऊन मी शांतपणे बसायला पोलादपूरला मामाकडे गेले.

मामा एसटीत कंडक्टर होता, महाड आगारात. मी सातवीत असताना त्याच्या हातात तिकिटाचं मशीन आलं. त्याआधी त्याच्याकडे तिकिटांचा ट्रे असायचा, वेगवेगळ्या किमतींच्या रंगीत गठ्ठ्यांचा. दोन फुल, एक हाफ, उतरणार कापड्याला, असं कुणी म्हणेपर्यंत पंचची कटकट होऊन तिकिटं हातात! हिशेब डोक्यात, पेन्सिल कानावर. मशीन आल्यावर तो आठवडाभर नीट जेवला नव्हता, असं मामी सांगते.

‘तुला मशीनची भीती वाटायची?’ मी विचारलं.

‘मशीनची कशाला वाटंल, बाय? कॅश कमी पडली तर भरायची कुणी?’

माझ्या स्लाइड्समध्ये हे कुठेच नव्हतं. कंडक्टरला ड्युटी संपल्यावर कॅश जमा करायची असते आणि तिकिटांच्या हिशेबात जे कमी भरेल, ते त्याच्या खिशातून जातं. ट्रेवर त्याचा हात बसलेला होता, तिथे चूक होणार नाही याची त्याला खात्री होती. मशीनवर चुकून भलतं बटण दाबलं तर? पन्नाशीच्या माणसाला हा हिशेब आधी सुचतो. आणि आपण त्याला ‘रेझिस्टन्स टु चेंज’ म्हणून मोकळे होतो!

मग तो शिकला कसा? कुठल्या भाषणानं नाही. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान एक कंडक्टर रोज रात्री, गाडी मुक्कामी लागली की, त्याच्याबरोबर अर्धा तास खोटी तिकिटं काढण्याची उजळणी करायचा. म्हणजे कागदावर, बटणांचं चित्र काढून. चुकलं तरी कुणाचा रुपया जात नव्हता. महिन्याभरात मामाला कळलं, की दिवसभराच्या तिकिटांची बेरीज मशीन स्वतःच करतं. दर टप्प्याला वेबिल भरत बसायची कटकट कमी झाली, घरी लवकर जायला मिळायला लागलं. तिथून पुढे त्यानं ट्रेचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर गेले. आपल्या ऑफिसच्या कुरबुरी आणि हे तळं एका वाक्यात आणूच नयेत. इथे प्रश्न माणुसकीचा होता. पण ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये किती अंतर असतं, हे इथल्याइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेनंही 1924 मध्ये तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण पाण्यापर्यंत कुणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह ते पाणी प्राशन केलं. जमावाला मार पडला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि त्याच ऑगस्टमध्ये पालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडलं. काठावर उभं राहिलं की सर्क्युलर काढणाऱ्या माणसांबद्दल फार आदर उरत नाही.

येताना मामा बरोबर होता. महाड ते पोलादपूर, जेमतेम वीस किलोमीटर. एसटीच्या कंडक्टरनं अलीकडे किती बदल पचवलेत बघा. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ. प्रत्येक वेळी नवे आकडे, नव्या शंका, आणि भांडण मात्र तेच जुनं: सुट्टे आहेत का?

म्हणूनच बहुधा क्यूआर कोडचं स्वागत झालं. आमच्या गाडीतला तरुण कंडक्टर मी पर्स उघडायच्या आत म्हणाला, ‘ताई, स्कॅन करा ना, सुट्ट्याची भानगड नको.’ इतका मनापासूनचा प्रचार मी कुठल्या टाउन हॉलमध्ये ऐकलेला नाही. मागच्या सीटवरच्या आजींनी मात्र कनवटीची नाणी मोजून दिली, तीही त्यानं आनंदानं घेतली.

मामा त्याच्या हातातल्या अँड्रॉइड मशीनकडे टक लावून बघत होता. राजेवाडी गेल्यावर हळूच माझ्याकडे वळला.

‘ह्याला तर बटणंच नाहीत गो!’