हिशेबाची वही आणि सिंगापूरचं चायनाटाउन

एक प्रश्न विचारते. "हे आपल्याला परवडत नाही" असं आपण मुलांना सरळ सांगतो का? मी सांगत नव्हते.

दोन वर्षं भिशीत पैसे साठवून आम्ही तिघं सिंगापूरला गेलो. सहावीतल्या मुलाला तिथल्या मोठ्या मनोरंजन पार्कात जायचं होतं. तिकिटं फारच महाग. मी म्हटलं, "वेळ नाही रे." तो शांतपणे म्हणाला, "आई, वेळ आहे. पैसे नाहीत ना?"

वर्गात खरं बोलण्याचे धडे देणारी मी, तिथे खजील झाले. म्हटलं, "हो. परवडत नाही." मग वही आणि साठ डॉलर त्याच्या हातात दिले. मेट्रोचं भाडं सोडून दिवसभराचा खजिनदार तू!

गेलो चायनाटाउनला. या भागाचं मलय नाव क्रेता आयर, म्हणजे पाण्याची गाडी. पूर्वी इथे बैलगाडीतून पाणी यायचं. बैलगाडी म्हटल्यावर स्वारीचे कान टवकारले. जुन्या दुकानांपुढे सलग छपराची, साधारण पाच फूट रुंद वाट असते. 1822च्या नगररचनेपासून तसा नियमच होता. ऊन असो की पाऊस, आरामात चाला. वहीत नोंद झाली: चालणे, शून्य डॉलर.

इथल्या एका रस्त्याचं नाव पॅगोडा स्ट्रीट. पॅगोडा कुठे दिसेना. समोर होतं मारिअम्मन मंदिराचं गोपुर! त्यावरूनच रस्त्याला हे नाव पडलं. 1827 साली स्थापन झालेलं हे सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. जवळच तमिळ मुस्लिमांची जुनी जामे मशीद आहे. चिनी वस्तीत हे सगळं पाहून मुलगा चक्रावलाच.

जेवायला बुद्धदंत मंदिराच्या तळघरात गेलो. तिथे शाकाहारी जेवण स्वस्तात मिळतं, आमची मोठी सोय झाली. नंतर तेलोक आयर रस्त्यावरचं थियान हॉक केंग मंदिर पाहिलं. समुद्र पार करून सुखरूप पोचलेले चिनी लोक इथे माझू या समुद्रदेवीचे आभार मानायचे. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तीच भावना. "पण समुद्र कुठाय?" मुलाने विचारलं. पूर्वी हाच किनारा होता, पुढे भराव घालून समुद्र लांब ढकलला. भूगोलाचा धडा रस्त्यावर उभ्या उभ्या झाला.

संध्याकाळी चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या खाऊगल्लीत शिरलो. वर छप्पर आणि शेकडो गाळे. रिकाम्या टेबलांवर टिश्यूची पाकिटं ठेवलेली. म्हणजे जागा धरलेली! आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच. मुलाने पैसे मोजून तीन ग्लास उसाचा रस घेतला. तिथे आपला ट्रे आपणच उचलून ठेवायचा नियम आहे. शेजारी एक वृद्ध आजोबा टेबलं पुसत होते. मुलाने आमचा ट्रे ठेवला आणि परत येऊन टेबलही पुसलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री वहीत अकरा डॉलर शिल्लक. मला वाटलं, आता पार्क विसरला असेल. झोपताना म्हणाला, "पार्क बघायचाच होता गं मला. पण तू खरं सांगितलंस ते बरं झालं."

त्याची हौस राहिली, हे मला अजून टोचतं. पण खोटं बोलून ती काही पुरी झाली नसती.

तुम्हीही करून बघा. सहलीला, नाहीतर आठवडी बाजाराला जाताना पैसे आणि वही मुलांकडे द्या. आणि आपल्या गल्लीला ते नाव का पडलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून आणायला सांगा. त्याला एक पैसाही लागत नाही.