शिशाचा गोळा

पहिला पाऊस पडून ओहोळांना पाणी चढले की आमच्या लाटंबार्से गावातील विद्यार्थ्यांचे लक्ष वर्गात राहत नाही. चढणीचे मासे वर येऊ लागलेले असतात आणि कोणी कोणत्या बांधाशी किती पकडले याचा हिशेब मागच्या बाकावर चाललेला असतो. ही मासेमारी मोठी सुखाची. मासा आपण होऊन वर येतो. मनुष्याने त्याची वाट अडवून उभे राहावयाचे, एवढेच. त्यामुळे गेल्या नाताळच्या सुटीत मासा जेथे असेल तेथे, म्हणजे तळाशी, आमिष पोचविण्याच्या खटाटोपात आम्ही होतो असे वर्गात सांगितले तेव्हा मुले हसली. त्या दिवशी आम्ही ती हकीकत अर्धीच सांगितली होती. आता वार्षिकासाठी लेख मागितला गेला आहे, तेव्हा गाळलेला भागही लिहून टाकतो.

आमचे आजोळ चोपडे येथे, शापोरा नदीच्या काठी. अस्नोडा, म्हापसा, शिवोली असे करीत बस पुलावर आली की खाली जी रुंद नदी दिसते, तीच सह्याद्रीतून तिळारी या नावाने उतरून आमच्या शेजारच्या दोडामार्गच्या बाजूने वाहत आलेली असते. भूगोलाच्या तासाला हे सांगताना आम्हांला नेहमी वाटते की आमच्या घरून आजोळी जाण्यास पाण्याची वाट बसच्या वाटेपेक्षा सरळ असावी.

मामांचे सारे आयुष्य गरवण्यात गेले. त्यांची उलांडीची होडी अजून माडाखाली पालथी असते. मामेभावाने मात्र मागील वर्षी दोन माणसांची प्लॅस्टिकची कायाक घेतली. कायाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांची, सांगाड्यावर कातडे ताणून केलेली होडी. आता ती साच्यातून एकसंध निघते, आणि हिच्यावर तर आत न बसता वरच बसावयाचे असते. तिच्यासाठी त्याने टपालाने एक यंत्र मागविले होते. त्याचे नाव डाउनरिगर. मामा त्याला नुसते ‘चाक’ म्हणत.

नाव अवजड असले तरी वस्तू सोपी आहे. एक हाताने फिरवावयाचे चाक, त्यावर गुंडाळलेला दोर, होडीबाहेर डोकावणारा आखूड दांडा, त्याच्या टोकाशी कप्पी आणि दोराच्या शेवटी शिशाचा गोळा. गळाची दोरी याहून निराळी असते. ती गोळ्याच्या किंचित वर एका चिमट्यात अडकवावयाची आणि गोळा पाण्यात सोडावयाचा. आमिष त्याच्या सोबतीने खाली जाते. होडी चालू असताना गळाची दोरी एकटी सोडली तर पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाते, आणि तिलाच जड शिसे बांधले तर माशाचा हिसका हाताला नीट कळत नाही. येथे मासा लागला की चिमटा सुटतो आणि पुढचा सामना माशाचा व माणसाचा. शिसे मध्ये पडत नाही. अमेरिकेतील मिशिगन सरोवरात १९६६ साली कोहो जातीचे सामन मासे सोडण्यात आले. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की हा मासा थंड थर शोधीत खोल उतरतो. त्याच्या पाठीमागे जाण्यासाठी तिकडे या यंत्राचा मोठा प्रसार झाला.

शापोरा नदी म्हणजे मिशिगन सरोवर नव्हे, हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितले. चोणक आणि तांबोशी पुलाच्या खांबांशी व खडकांच्या सावलीला असतात; तेथे होडी उभी करून दोर हातात धरला की पुरे, हे त्यांचे मत. खरे सांगावयाचे तर ते आम्हांला आजही पटते. परंतु सुटीत नवे यंत्र हाती आलेल्या मनुष्याला पटणे आणि थांबणे या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात.

मामेभावाने निवड मात्र विचाराने केली होती. मोठ्या यंत्रबोटींसाठी विजेवर फिरणारी चाके आणि चार-पाच किलोचे गोळे मिळतात. ते त्याने सोडले. पोलादी तारेऐवजी बारीक विणलेला दोर घेतला, कारण दोर सुरीने कापता येतो, तार कापता येत नाही. गोळा सव्वा किलोचा. शिसे पाण्याच्या सुमारे अकरा पट जड, म्हणून सव्वा किलोचा गोळा पाण्यात जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमच हलका होतो. मामा पूर्वी दोराला दगड बांधीत, त्याचे तसे नाही. दगड पाण्यात गेला की एकतृतीयांशाहून अधिक वजन गमावतो. शिवाय गोळा लहान, म्हणून प्रवाहही त्याला कमी ढकलतो.

आता हे यंत्र बसवावे कोठे? कायाकच्या मागील भागात दोन तयार भोके होती. तेथे बसविले तर वल्ह्याला अडचण नाही, पण चाक फिरविण्यासाठी पाठीमागे वळावे लागते, आणि अरुंद होडीत पाठीमागे वळणे म्हणजे संकटाला हाक मारणे. तेव्हा कायाक अंगणात ठेवली, आम्ही तिच्यात बसलो आणि कोरड्या जमिनीवर वल्हे मारू लागलो. मामेभावाचा मुलगा, इयत्ता आठवी, खडू घेऊन वल्हे कोठवर येते आणि हात कोठवर पोचतो याच्या खुणा करीत होता. शेजारच्या वृद्ध मावशींनी कुंपणावरून “खंय पावले?” म्हणून विचारले तेव्हा आम्ही “शिवोली” असे उत्तर दिले. अखेर पुढच्या बैठकीच्या उजव्या अंगाला एक वीतभर जागा सापडली.

या प्लॅस्टिकला डिंक धरत नाही, म्हणून छिद्रे पाडूनच खिळमोळे बसवावे लागतात. पाण्याच्या रेषेच्या पुष्कळ वर छिद्रे पाडली, आतून अॅल्युमिनियमची पट्टी दिली, म्हणजे ओढ लागली तर ती सगळ्या पट्टीवर विभागली जावी, आणि भोवती रबरी लुकण भरले. आतल्या चाक्या आवळण्यासाठी झाकणातून आमचा हात जाईना. मुलाचा गेला. चिमटा म्हणून मामीचा कपडे वाळत घालण्याचा चिमटा उपयोगी पडला. दोरावर दर मीटरला तांबडा व पाचव्या मीटरला पांढरा धागा बांधला. दोर सोडला तितकी खोली मात्र मिळत नसते. प्रवाहात तो तिरका होतो. पंचेचाळीस अंश तिरका झाला तर दहा मीटर दोराला सातच मीटर खोली.

होडी कलंडेल काय, ही शंका राहिली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. शाळेतील शास्त्राच्या शिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांनी गोळ्याचे वजन व मध्यरेषेपासूनचे अंतर विचारून तत्काळ सांगितले, की साठ किलोचा मनुष्य बैठकीवर दीड सेंटिमीटर सरकला तर होडीला जेवढे जाणवेल, तेवढेच हे. उत्तर बिनचूक होते. आमचा प्रश्न अपुरा होता. गोळा मोकळा लोंबत असेल तोवर काय होईल एवढेच आम्ही विचारले होते.

तो दुसरा प्रश्न मामांना न विचारता ठाऊक होता. “शिशाक कच्ची सुतळी बांद,” ते म्हणाले. दोर आणि गोळा यांच्यामध्ये दोन वीत जुनी सुतळी ठेवावयाची. गोळा तळाशी अडकला तर सुतळी तुटावी. आम्ही बांधली, आणि पहिल्याच सकाळी ती तुटून गोळा शापोरेच्या तळाशी राहिला. आम्हांला राग आला. शिसे काही फुकट मिळत नाही. शिवाय मुलासमोर आमच्या यंत्राची फजिती झाली होती. त्या संध्याकाळी दुसऱ्या गोळ्याला आम्ही भक्कम नायलॉनची दोरी बांधली. मामा ओसरीवर बसून पाहत होते. काही बोलले नाहीत. रात्री, दोर नीट गुंडाळलेला नाही असे म्हणून त्यांनी चाक मागून घेतले आणि तो सगळा उलगडून पुन्हा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मतलई वारा मंद होता. मुलगा पुढे, आम्ही मागे. दोघांच्याही अंगात तरंगती जाकिटे होती, एवढी एक गोष्ट आम्ही बरी केली. पुलाच्या अलीकडे येईपर्यंत ओहोटीला जोर आला होता. पाच मीटरचा पांढरा धागा पाण्याखाली गेला आणि थोड्याच वेळात दांडा वाकला. आम्हांला वाटले, चोणक! आम्ही आनंदाने ओरडलोसुद्धा. परंतु चिमटा सुटला नव्हता. गोळा कोठल्या तरी खडकात अडकला होता. कायाक क्षणात आडवी झाली, सगळी ओहोटी तिच्या अंगावर आली आणि उजवी कड खाली जाऊ लागली. आता दोराला सव्वा किलोची ओढ नव्हती. अख्खी नदी त्याला ओढीत होती. पाणी गुडघ्यांवरून वाहू लागले. सुरी आमच्या पाठीमागच्या डब्यात, झाकण लावून, नीट ठेवलेली होती. ती काढावयास वळावे तर होडी उलटणार. आम्ही डाव्या बाजूला रेललो आणि, हे लिहिताना लाज वाटते, मुलाला काय करावयास सांगावे ते आम्हांला सुचले नाही.

त्याने न सांगता हात लांब करून चाकाचा खटका सोडला. चाक खडखडत फिरू लागले, दोर भराभरा सुटला, होडी सरळ झाली आणि प्रवाहाबरोबर वाहू लागली. आम्ही सुटकेचा श्वास घेतला, पण तो फार थोडा वेळ टिकला, कारण दोर संपत आला होता आणि त्याचे आतील टोक चाकाला पक्के बांधलेले आहे हे आम्हांला ठाऊक होते. शेवटचा पांढरा धागा गेला. एक हलका हिसका बसला, आणि काहीच झाले नाही. चाक रिकामे फिरत राहिले.

काठावर आल्यावर पाहिले तो चाकाच्या कण्याला बोटभर सुतळी लोंबत होती. मामांनी रात्री दोर पुन्हा गुंडाळताना आतील गाठ सोडून तेथे ती बांधली होती.

मामा माडाखाली जाळे शिवीत होते.

“दोर गेलो?” त्यांनी विचारले.

“गेला, मामा.”

“आनी शिसें?”

“तेही गेले.”

“चल, च्या घे,” ते म्हणाले, आणि सुईत पुढचा दोरा ओवू लागले.

त्या दिवशी मुलाच्या वडिलांना सारे सांगताना आमची जी अवस्था झाली ती येथे लिहीत नाही. यंत्र अजून कायाकवर आहे. नवा दोर आणला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना सुतळी असते, आणि सुरी डब्यात न राहता जाकिटाला छातीवर बांधलेली असते. मे महिन्याच्या सुटीत आणखी दोन गोळे गेले आणि एक तांबोशी मिळाली. मुलाने वहीत दोन्हींचा जमाखर्च मांडला आहे, आणि त्यात नाताळातील दोराची किंमत आमच्या नावे लिहिली आहे.