रात्याचं बी शोधताना

वैतरणा खाडीला लागून आमचं भातशेत आहे. उधाणाच्या भरतीत बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं. पुढच्या पावसात लावलेल्या रोपांचे शेंडे करपले, सखल भागातली तर पार वाळून गेली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माहेरी अशा जमिनीत राता पिकायचा." त्या लाल तांदळाचं बी मात्र आता ओळखीत कुणाकडेच नव्हतं. ते शोधत मी वसईरोडहून दिवामार्गे पनवेलला, कोकण कृषी विद्यापीठाच्या खारभूमी संशोधन केंद्रात गेले.

रात्याचं नाव काढताच तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलेली गोष्ट ऐकून मी थक्क झाले. किनाऱ्यावरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलेल्या रात्यातून निवड करूनच 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' हे वाण पुढे आले. भुरा रात्याचा 'आयआर-८'शी संकर करून 'पनवेल-१' तयार झाला. आयआर-८ हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली दिलेला, बुटका आणि भरघोस उताऱ्याचा वाण. खार सोसण्याची ताकद आमच्या खाजणातल्या भाताची, उतारा त्या परदेशी भाताचा.

नुसतं बी बदलून भागणार नाही, हेही तिथेच कळलं. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता दर मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली, की जमीन खारवट धरतात. पावसात क्षार पाण्याबरोबर खाली जातात आणि उन्हाळ्यात मातीतल्या बारीक केशनलिकांतून पुन्हा वर चढतात. म्हणून मे महिन्यात जमिनीवर पांढरा थर दिसतो. भाताला सगळ्यात जास्त धोका कोवळ्या रोपाच्या वयात आणि फुलोऱ्यात.

आता आम्ही पहिल्या पावसाचं पाणी खाचरात अडवतो, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, सोडून देतो आणि पुन्हा नवं पाणी भरतो. क्षार असे धुऊन गेल्यावरच लावणी करतो. रोपं थोडी जून झालेली घेतो आणि एका चुडात नेहमीपेक्षा जास्त लावतो. कापणी झाली, की ओल आहे तोवर नांगरट उरकतो. त्यानं केशनलिका तुटतात आणि क्षार वर येणं कमी होतं. पूर्वी कापणीनंतर आमची जमीन पावसापर्यंत तशीच पडून असायची.

'पनवेल-१' लावल्यावर उंचवट्याकडचा भाग चांगला भरला. सखल कोपरा विरळच राहिला, कारण तिथलं पाणी पुरतं निघत नाही. त्या कोपऱ्यात चर काढायचं काम अजून बाकी आहे.

खारभूमीतलं हे संशोधन किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांच्या बियाण्यावर उभं राहिलं आहे. त्यामुळे तिथे जाऊन विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. खाडीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला माझं सांगणं आहे: मे महिन्यात वरच्या आणि खालच्या थरातली माती वेगवेगळी काढा, तपासून घ्या आणि तो अहवाल हातात घेऊनच बियाणं ठरवा. घरात जुन्या रात्याचं मूठभर बी उरलं असेल, तर तेही संशोधन केंद्रात नेऊन दाखवा. उद्याच्या वाणाला त्याची गरज लागेल.